चार पायांची खोली

खोटं बोलायला सुरुवात मीच केली.
पुढच्या डाव्या कोपऱ्यात बोट शिरलं, नख बुडेपर्यंत,
आणि शकूला म्हणालो, काही नाही, रंग उडालाय.
मग एम-सील. मग पोपडे घासून पांढरा ऑइलपेंट.
मग नवेगाव, नागझिरा, तोतलाडोह. तीन हिवाळे.

ही केबिन माती तपासायची होती, सरकारची.
लिलावात घेतली, चारशे सातच्या पाठीवर चढवली.
आत फळ्यांवर अजून लिहिलेलं आहे :
नमुना ओला. नमुना कोरडा.
आम्ही ओल्यात साखर ठेवतो, कोरड्यात रक्तदाबाच्या गोळ्या.
चार कोपऱ्यांना चार जॅक. हँडल फिरवलं की
खोली अलगद उठते, ट्रक खालून निघून जातो
दूध आणायला,
आणि तळ्याकाठी खोली उभी राहते बारक्या पायांवर,
बगळ्याला दोन पाय जास्तीचे दिल्यासारखी.

एका रात्री शकू म्हणाली,
"मी कुशीवर वळली का घर बी वळते जी."
मी म्हणालो, वारा आहे.
वारा नव्हता.

वाडी, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागची गल्ली. मे महिना, सकाळचे आठ,
लोखंडाला उघड्या हातानं शिवायची शेवटची वेळ.
उत्पलाताई खोब्रागडे चष्मा कपाळावर चढवून
गाडीभोवती दोनदा फिरल्या. हातोडीच्या दांड्यानं
एकेक कोपरा वाजवला.
टण. टण. टण.
आणि डावीकडे पुढे : भद्.
"कोनं केलं हे?"
मी शेडच्या पत्र्याकडे पाहत राहिलो.
"ज्यानं केलं, त्यानं लय जीव लावून लपवलं बाप्पा."

स्क्रू त्यांनी पान्याशिवायच काढले, चिमटीनं, बाराच्या बारा,
पिकल्या सीताफळातून बिया निघाव्यात तसे.
पत्रा सोलला. आत लाकूड नव्हतंच.
चहाचा चोथा होता काळा, दमट,
आणि मुंगळ्यांची एक वस्ती,
जी आमच्यासोबत तीनदा तोतलाडोह पाहून आली होती, फुकट.

जाड प्लेट मारा, म्हणालो, दहा एमएमची. विषय संपवा.
"लोखंड कवाच हारलं नव्हतं, भाऊ.
त्याच्या मांगं कोनी नव्हतं.
जाड ठोकलं तं ते उद्या बाजूच्या लाकडाले फाडन.
वजनाले एका जागी बसू नाई द्याचं."

मग बांते सुतार आले, जुन्या चौकटीचा साग घेऊन.
सडकं कापत गेले, कापत गेले,
भुसा पिवळा पडायला लागला तेव्हा थांबले.
ब्रॅकेट बाजूला, बाकावर जोडला, की लाकडाला आच नको.
खिशात कांदा ठेवलेला रितिक भोकं पाडत होता
आणि दर भोकाला कुलरपुढे जाऊन येत होता.
आतून लांब पट्टी, बाहेरून अँगल, मध्ये साग,
आरपार सहा बोल्ट, प्रत्येकाच्या गळ्याशी सिलिकॉन.
दुपारी दोन ते चार कुणी काही केलं नाही.
नागपूरच काही करत नव्हतं.

साडेपाचला हँडल फिरवलं. चारही पाय ताठले.
ट्रक हळूच खालून निघाला, आणि खोली
गल्लीच्या मधोमध, हवेत.
शकूनं चपला काढल्या, शिडी चढली,
आत जाऊन आडवी झाली.
आम्ही पाच जण श्वास धरून जॅककडे पाहत होतो.
"वळली का?" ताईंनी विचारलं.
"मघाशीच," आतून आवाज आला. "दोन्ही कुशींवर."

तेव्हा मी खिडकीशी जाऊन तिला एम-सीलचं सांगितलं.
"माहीत आहे," ती म्हणाली.
"कोपऱ्याचा रंग तुमच्या कोपराला लागला होता,
आठ दिवस."

पावतीवर ताईंनी लिहिलं : एक कोपरा, पूर्ण.
खाली, बारीक अक्षरात :
बाकी तीन वाजवून पाहिले.
मागचा उजवा दिवाळीपर्यंत.